जाणकाराच्या डोक्यातलं सॉफ्टवेअरमध्ये उतरवताना

संगणक-सुरक्षेतल्या अनुभवी विश्लेषकाला समोर बसवून ‘तुम्ही हल्ला कसा ओळखता?’ असं विचारलं, की तो एक सरळसोट नियम सांगून मोकळा होतो. नियम खोटा नसतो, पण रोजचं काम तो त्या नियमावर करत नाही. शंभर इशाऱ्यांपैकी अठ्ठ्याण्णव त्याने बघता बघता का बाजूला सारले, हे त्याचं खरं कसब, आणि ते त्याला विचारून सांगता येत नाही. म्हणून मुलाखत प्रकरणांची घ्या. नियम आपण नंतर काढायचे.

आधी प्रश्न लहान करा. ‘घुसखोरी ओळखणे’ हा झाला विषय. ‘एकाच आयपी पत्त्यावरून बऱ्याच खात्यांवर पासवर्ड आजमावले जाताहेत का?’ हा झाला प्रश्न. अशा एका प्रश्नासाठी आठ-दहा जुनी प्रकरणं गोळा करा: निम्मी खरी, निम्मी फुसकी, आणि त्यात एखादं तरी असं, जिथे जाणकार स्वतः फसला होता. फसलेलं प्रकरण काढायला लोक कचरतात. पण सगळ्यात जास्त तिथेच सापडतं.

मुलाखतीची पद्धत

मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात अग्निशमन दलाच्या प्रमुखांचे निर्णय अभ्यासताना घडवलेली पद्धत इथे चपखल बसते. एकाच प्रकरणावरून चार फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीत जाणकार बोलतो, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. दुसरीत वेळेचा क्रम लावायचा: काय आधी दिसलं, काय नंतर, निर्णय नेमका कुठे झाला. तिसरीत प्रत्येक निर्णयापाशी थांबायचं. चौथीत ‘असं नसून तसं असतं तर?’ विचारायचं. एका प्रकरणाला दीड ते दोन तास धरा, आणि एका दिवशी दोनपेक्षा जास्त प्रकरणं घेऊ नका. तिसऱ्याला उत्तरं पाठ म्हटल्यासारखी येतात.

एकाने विचारावं, दुसऱ्याने लिहावं. मूळ नोंदी स्क्रीनवर उघड्या ठेवा, कारण आठवणीतून सांगितलेली गोष्ट नेहमी प्रत्यक्षापेक्षा नीटनेटकी असते. ‘का?’ हा प्रश्न शक्यतो टाळा. त्यावर माणूस समर्थन देऊ लागतो. त्याऐवजी ‘त्या क्षणी नजर कुठे होती?’, ‘पुढे कोणता तक्ता उघडलात?’, ‘काय दिसलं असतं तर हे सोडून दिलं असतं?’ हे विचारा.

एक नियम जवळून

पहिल्या बैठकीतून बहुधा असा नियम हाती येतो: दहा मिनिटांत एका पत्त्यावरून २० वेगवेगळ्या खात्यांवर लॉगिन फसलं, तर इशारा द्या. विंडोजमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंद ४६२५ क्रमांकाने आणि यशस्वी लॉगिनची ४६२४ क्रमांकाने पडते, त्यामुळे लिहायला सोपं. चालवून बघितलं की पहिल्याच सकाळी पूर आलेला असतो: अख्खं कार्यालय एकाच बाहेरच्या पत्त्यामागे, आणि पासवर्ड बदलायची मुदत नुकतीच संपलेली.

तीच नोंद जाणकारापुढे ठेवा आणि त्याचा कर्सर कुठे जातो ते बघा. आकड्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तो नावांचा स्तंभ उघडतो. यादीत नोकरी सोडून गेलेल्यांची, बंद केलेली किंवा मुळात नसलेली खाती आहेत का? खऱ्या कर्मचाऱ्यांच्या गर्दीत अशी नावं क्वचितच येतात. बाहेरून मिळवलेल्या जुन्या यादीत हमखास येतात. मग तो प्रत्येक खात्यावरचे प्रयत्न मोजतो: खातं कुलूपबंद होऊ नये म्हणून हल्लेखोर एक-दोनदाच हात लावतो, विसरभोळा माणूस पाच-सहा वेळा ठोकत राहतो. शेवटी त्याच पत्त्यावरून एखादं लॉगिन यशस्वी झालं का, हे बघतो. एकच खातं शेकडो वेळा फसत असेल तर तो हसून पुढे जातो: कुठल्या तरी स्वयंचलित कामात जुना पासवर्ड राहून गेलेला असतो.

हे तीन-चार संकेत म्हणजेच ज्ञान. ‘२०’ हा आकडा नव्हे. तो बदलत राहणार.

कार्ड

प्रत्येक नियमाचं एक कार्ड करा आणि कोड त्या कार्डावरून लिहा. त्यात इतकं हवं:

प्रश्न: कशाचा शोध आहे, एका वाक्यात.
संकेत: कोणती नोंद, कोणता स्तंभ, किती वेळात.
कारण: हा संकेत का चालतो.
सूट: कधी दुर्लक्ष करायचं. आपल्याच चमूचं तपासणी यंत्र, सामाईक पत्ते वगैरे, अशा प्रत्येक अपवादाला शेवटची तारीख लावून.
उलटा पुरावा: काय दिसलं तर निष्कर्ष मागे घ्यायचा.
मालक आणि फेरतपासणीची तारीख.

सिग्मा या, असे शोधनियम लिहिण्याच्या खुल्या स्वरूपात खोट्या इशाऱ्यांसाठी वेगळा रकाना आहेच. तिथे ‘माहीत नाही’ लिहून सोडलेले नियम ढिगाने दिसतात, आणि चालवताना तेच सर्वात जास्त छळतात.

शब्द आणि टक्के

‘बहुधा’, ‘शक्यता दाट आहे’ हे शब्द तसेच साठवू नका. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावरच्या संभाव्य आक्रमणाच्या अहवालात अमेरिकी विश्लेषकांनी ‘गंभीर शक्यता’ असा शब्दप्रयोग केला होता. सीआयएचे शर्मन केंट यांनी नंतर आपल्याच सहकाऱ्यांना त्याचा अर्थ विचारला, तेव्हा उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरली. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांच्या आयसीडी २०३ या मानकात आज ‘संभव आहे’ म्हणजे ५५ ते ८०, ‘दाट संभव’ म्हणजे ८० ते ९५ अशा पट्ट्या ठरवून दिल्या आहेत. सॉफ्टवेअरमध्ये शब्द निवडला की पट्टी शेजारीच दिसू द्या.

संभाव्यता आणि खात्री हे दोन वेगळे रकाने ठेवा. ‘७० टक्के, पण आधार तुटपुंजा’ हे अगदी रास्त विधान आहे. स्रोताचंही तसंच. नाटोत रुळलेल्या पद्धतीत स्रोताची विश्वासार्हता ए ते एफ या अक्षरांनी आणि माहितीचा खरेपणा १ ते ६ या अंकांनी वेगवेगळा नोंदवतात, कारण भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगतो. हौशी विकसक या दोन्हींचा गुणाकार करून एकच गुण काढतो, आणि वेगळे रकाने ठेवण्यामागचा सगळा हेतू पाण्यात जातो.

पुरावा आणि पर्यायी गृहीतकांचा तक्ता बांधत असाल तर जुळणारे पुरावे मोजू नका, न जुळणारे मोजा. सगळ्याच गृहीतकांशी जुळणारा पुरावा कितीही जोरकस वाटला तरी निवाड्याला निरुपयोगी. तो आपोआप तळाला जाईल अशी क्रमवारी लावा.

चाचणी

जाणकाराकडे आधीच निवडून आलेली प्रकरणं येतात, त्यामुळे मूळ प्रमाणाचा अंदाज त्याला नसतो. दिवसाला १० लाख लॉगिन, त्यातली १० हल्ल्याची, असं धरा. नियम ९० टक्के हल्ले पकडतो आणि निर्दोष लॉगिनवर फक्त १ टक्का चुकतो. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात ९ खरे इशारे, आणि त्यांच्याभोवती सुमारे १०,००० खोटे. हा हिशेब कोड लिहिण्याआधी करा.

मुलाखतीत न वापरलेली दोन-तीन प्रकरणं राखून ठेवा आणि नियम आधी त्यांच्यावर चालवा. मग दोन-तीन आठवडे मूक चाचणी: नियम चालतो, नोंदी ठेवतो, इशारा कुणालाच जात नाही. टक्क्यांत अंदाज देणाऱ्या नियमांना ब्रायर गुण लावा, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष (घडलं तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग. ०.८ म्हटलं आणि घडलं तर (०.८ − १)² म्हणजे ०.०४, घडलं नाही तर ०.६४. सरासरी जितकी कमी तितकं बरं.

वापर सुरू झाला की इशारा बंद करताना कारण घ्या. सहा-सात ठरावीक पर्याय आणि एक मोकळी ओळ, बस. ‘इतर’वर सर्वाधिक टिचक्या पडू लागल्या तर यादी चुकली आहे, विश्लेषक आळशी नाहीत. कार्डातल्या ‘सूट’साठी पुढचे अपवाद त्या मोकळ्या ओळींतूनच मिळतात. महिन्यातून एकदा जाणकारासोबत त्या ओळी वाचा.

गोपनीयतेचा मुद्दा बांधणीच्या सुरुवातीलाच सोडवा. गोपनीय प्रकरणावरून काढलेल्या नियमाला त्या प्रकरणाचाच दर्जा लागतो, त्याच्या ‘कारण’ रकान्यालाही. म्हणून परवानगी अख्ख्या कार्डावर न ठेवता रकान्यागणिक ठेवा: नियम सगळ्यांसाठी चालेल, पण तो कशावरून सुचला हे ठरावीक लोकांनाच दिसेल. मुलाखतीच्या टिपणात स्रोताचं नाव येऊच देऊ नका, नंतर खोडलं तरी जुन्या आवृत्तीत ते राहतं. आणि उंबरठ्याचे आकडे जपा. ‘दहा मिनिटांत २०’ हे बाहेर गेलं, की पुढचा हल्ला दहा मिनिटांत १९ने येतो.