सर्दी-तापाने आजारी मांजराची घरी शुश्रूषा कशी करावी

मांजराचे अंग हाताला एरवीही गरमच लागते, त्यामुळे कान चाचपून तापाचे निदान करू नये. टोकाला व्हॅसलिन लावलेला डिजिटल थर्मामीटर गुदद्वारात हलकेच सरकवून ताप मोजावा. (तो मांजरासाठीच राखून ठेवावा, हे सांगायला नकोच.) निरोगी मांजराचे तापमान 100.5 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते, म्हणून 101 पाहून घाबरू नये. ताप 103 च्या पुढे असेल आणि जोडीला शिंका, चिकटलेले डोळे, वाहते नाक असेल, तर त्याच दिवशी जवळच्या व्हेटकडे (पशुवैद्याकडे) किंवा मुंबईत परळच्या बाई साकरबाई या प्राण्यांच्या रुग्णालयात न्यावे. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये.

क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल, अजिबात देऊ नये. ‘पाव गोळीने काय होणार’ असे सांगणारे शेजारी प्रत्येक इमारतीत असतात. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉलचा निचरा करता येत नाही आणि तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो. विक्स आणि निलगिरीचे तेलही दूर ठेवावे.

घरातील इतर मांजरांपासून त्याला वेगळे ठेवावे.

खरी कसोटी खाऊ घालण्याची. मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की भरल्या ताटलीकडेही ते पाठ फिरवते आणि दोन-तीन दिवसांच्या उपासाने, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते. ‘तापात लंघन बरे’ हा सल्ला माणसांपुरताच ठेवावा. येथे क्रमाला महत्त्व आहे: बंद बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून, मांजराला त्या पाण्यापासून दूर घेऊन, दहा-पंधरा मिनिटे वाफेत बसावे, मग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक व डोळे पुसावेत, आणि नाक मोकळे असतानाच, लगेच, अन्न पुढे करावे. मीठ-मसाला न घालता उकडलेला, काटे काढलेला बांगडा अंगाइतका कोमट करून दिला, तर त्याच्या उग्र वासापुढे महागडे डबाबंद खाद्यही फिके पडते. दूध देऊ नये.

तरीही ते खात नसेल, तर सुई काढलेल्या सिरिंजने पातळ केलेले अन्न ओठाच्या कडेने, अर्धा-अर्धा मिली, प्रत्येक घोट गिळू देत भरवावे. मांजराला उताणे धरून किंवा मान मागे करून भरवण्याचे व्हिडिओ पाहिले की माझा संताप होतो, कारण तसे भरवलेले अन्न फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. श्वासाला धाप असेल किंवा मांजर फार धडपडत असेल, तर जबरदस्ती मुळीच करू नये. पूर्ण एक दिवस पोटात काही गेले नाही, तर व्हेटला तसे स्पष्ट सांगावे.

व्हेटने डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी दिल्यास ती कोरडी गिळवू नये, मागोमाग सिरिंजने पाच-सहा मिली पाणी थोडे-थोडे पाजावे; गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण होऊन नळी आक्रसते.