फुप्फुसांच्या एमआरआयमध्ये काम करायचंय?

पुण्यात फिजिक्सची एमएस्सी करताना एमआरआय म्हटलं की मेंदू नाहीतर गुडघा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पीएचडीला इंग्लंडमध्ये आलो आणि फुप्फुसं वाट्याला आली. पहिल्या आठवड्यात छातीचा साधा स्कॅन पाहिला. हृदय, यकृत, सगळं जागच्या जागी. फुप्फुसांच्या ठिकाणी मात्र दोन काळे खड्डे. सिग्नल येतो मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनपासून, आणि इथे बहुतेक हवाच. त्यातून हवा आणि ऊतींच्या असंख्य सीमांमुळे चुंबकीय क्षेत्र विस्कटतं. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक) मशीनवर उरलासुरला सिग्नल एक-दोन मिलिसेकंदांत विरतो.

म्हणून आम्ही पेशंटला झेनॉन वायू श्वासात घ्यायला देतो आणि त्या वायूचंच चित्र काढतो. रुबिडियमच्या वाफेवर ७९५ नॅनोमीटरचा लेझर सोडायचा; तिचं ध्रुवीकरण, म्हणजे अणूंची चुंबकीय दिशा एका बाजूला वळणं, टकरींमधून झेनॉन-१२९ च्या केंद्रकांकडे जातं आणि सिग्नल हजारो पटींनी वाढतो. १९९४मध्ये उंदरांच्या फुप्फुसांपासून सुरू झालेल्या या पद्धतीला अमेरिकेच्या एफडीएची (औषध नियामक संस्थेची) मान्यता मिळायला डिसेंबर २०२२ उजाडलं.

स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासाची चाचणी) दोन्ही फुप्फुसांचा मिळून एक आकडा देते. इथे हवा कुठे पोचत नाही ते दिसतं. त्याहून मला आवडते ती पुढची गोष्ट: झेनॉन रक्तात विरघळतो आणि हवा आणि रक्त यांच्यामधल्या पातळ पडद्यातला व लाल पेशींतला झेनॉन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. पल्मनरी फायब्रोसिसमध्ये (फुप्फुसांच्या ऊती जाड आणि ताठ होण्याच्या आजारात) पडद्याच्या मानाने लाल पेशींचा सिग्नल घटतो.

नवीन मुलं पायथॉन घोटून येतात. ते हवंच. पण हे ध्रुवीकरण एकदा गेलं की परत येत नाही. मशीनची प्रत्येक रेडिओ पल्स त्यातला थोडा वाटा खाते, ऑक्सिजनही खातो, आणि पेशंटने श्वास रोखायचा तो जेमतेम दहा-पंधरा सेकंद. त्यामुळे खरी कसोटी पेशंटशी बोलण्यात लागते.

माझ्या पहिल्या स्वतंत्र स्कॅनला मी नाकाला चिमटा लावायचाच विसरलो. आजोबांनी नळीतून ओढलं, नाकातूनही ओढलं. पिशवी अर्धी भरलेलीच माझ्या हातात परत आली. चित्र इतकं अंधूक, की त्यावरून काही बोलायची सोय नव्हती. नवा वायू तयार होईपर्यंत लांबून आलेल्या त्या माणसाला चहा पाजत बसलो. आता आधी साध्या हवेच्या पिशवीवर दोनदा तालीम करून घेतो, "सोडा, घ्या, घ्या, थांबा" याच शब्दांत आणि याच लयीत (अर्थात इंग्रजीत). चिमटा प्लॅस्टिकचाच, स्प्रिंगही धातूची चालत नाही. वायूने क्षणभर गरगरतं, तेही आधीच सांगून ठेवायचं.

भारतात राहूनही सुरुवात करता येते. दीड टेस्लावर झेनॉनला १७.७ मेगाहर्ट्झची वेगळी कॉइल (सिग्नल पाठवणारी-पकडणारी अँटेना) आणि तसा अँप्लिफायर लागतो. हायड्रोजनचं काम ६३.९ वर चालतं, म्हणून नेहमीचं मशीन तसंच वापरता येत नाही. पण प्रेफुलसारख्या पद्धतीत पेशंट नेहमीसारखा श्वास घेत असताना साध्या मशीनवर भराभर चित्रं घेतात आणि सिग्नलच्या चढउतारांतून वायुवीजन नि रक्तप्रवाह वेगळे काढतात. वायू नाही, इंजेक्शन नाही. सगळी मेहनत चित्रं एकमेकांवर नीट बसवण्यात.

पीएचडीची ऑफर आली तर गाइडला एक विचाराच: आठवड्याला पेशंटचे किती स्कॅन होतात, आणि पोलरायझर (झेनॉनचं ध्रुवीकरण करणारं यंत्र) बंद पडला की तो दुरुस्त कोण करतं? आमच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरेच महिने 'मीच' असं होतं.