वय वाढतं तसा आवाज बदलतो, तो सांभाळायचा कसा

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, वयाप्रमाणे आवाज बदलणं हा आजार नाहीये. गळ्यात स्वरयंत्र असतं, त्यात स्वरतंतूंच्या दोन छोट्या घड्या असतात, खालून हवा आली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. बायकांच्या बोलण्यात त्या सेकंदाला साधारण २०० वेळा हलतात, पुरुषांच्या १२० च्या आसपास आणि तान्ह्या बाळाच्या रडण्यात तर ४०० च्या वर. लांबी, जाडी, लवचिकपणा सगळं आयुष्यभर बदलत राहतं, त्यामुळे आपलं काम एवढंच, की आज जो आवाज आहे तो ओढूनताणून जुन्या पट्टीत बसवायचा नाही.

लहान मुलांचे स्वरतंतू आखूड असतात आणि त्यांचे आतले थर वयात येईपर्यंत तयार होत असतात. सतत किंचाळणाऱ्या मुलांच्या स्वरतंतूंवर बारीक गाठी येतात आणि आवाज घोगरा होतो. नुसतं "ओरडू नको" म्हणून काही होत नाही हो, टीव्हीचा आवाज कमी करा, दुसऱ्या खोलीतून हाका मारण्यापेक्षा जवळ जाऊन बोला, मुलं बघून बघूनच शिकतात.

आता आवाज फुटण्याबद्दल, कारण इथे मुलांना सगळ्यात जास्त त्रास आपणच देतो. साधारण १२ ते १५ च्या दरम्यान टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे मुलाचं स्वरयंत्र भराभर वाढतं, कंठमणी दिसायला लागतो, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो पण दोन-तीन अर्धस्वरच, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मुलगा वाक्य सुरू करतो जाड आवाजात आणि मध्येच ते किनरं होऊन निसटतं, कारण स्नायूंना सवय जुन्या आखूड स्वरतंतूंची आणि सांभाळायचे आहेत एकदम लांब झालेले. हसू नका प्लीज, त्याची नक्कल तर अजिबात करू नका. गाणारा असेल तर गाणं बंद करायची गरज नाही, फक्त वरचे सूर ताणायचे नाहीत, मधल्या चार-पाच सुरांत आरामात गाऊ दे. त्याला म्हणा, कोणी काही विचारलं की आपण सहज "हं" करून होकार देतो ना, तसा कर, तो "हं" ज्या सुरात येतो त्याच्या आसपास बोल. काही मुलं सगळं बदलून झाल्यावरही जुन्या पातळ आवाजातच बोलत राहतात, त्यांना स्पीच थेरपिस्टकडे न्या, बहुतेकदा लवकर सुधारतं.

विशी ते पन्नाशी आवाज बराच स्थिर असतो, पण शिक्षक, विक्रेते, दिवसभर फोनवर बोलणारे त्याची वाट लावतात. सारखं खाकरणं सोडा, त्याने स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात, त्यापेक्षा पाण्याचा घोट घ्या. आणि स्ट्रॉचा व्यायाम कराच, मला तरी याच्याइतका सोपा आणि कामाचा दुसरा व्यायाम माहीत नाही. ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक साधारण दोन सेंटीमीटर बुडवा, ओठ नीट मिटून स्ट्रॉमधून "ऊ" करा, बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत, मग सूर हळू वर न्या, हळू खाली आणा. गाल सैल, मान सैल. एक-दोन मिनिटं पुरे, दिवसातून काही वेळा. तोंडाकडून हवेचा थोडा दाब उलटा येतो ना, त्यामुळे स्वरतंतू न आपटता हलतात.

मेनोपॉजनंतर बायकांचा आवाज थोडा जाड होतो. गात असाल तर पट्टी अर्धा-एक सूर खाली घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पुरुषांचं वय झालं की उलटं होतं, स्वरतंतू बारीक होतात, नीट मिटत नाहीत, हवा निसटते, आवाज पातळ आणि कापरा होतो, त्यात श्वासही कमी पुरतो. यावर उपाय गप्प बसणं नाही, वापर थांबला की आवाज अजून क्षीण होतो. रोज दहा मिनिटं ताठ बसून मोठ्याने वाचायचं, छोटी वाक्यं, मध्ये श्वास. घरातल्या आजी-आजोबांशी दिवसभर कोणी बोलतच नसेल तर तुम्ही बोला ना त्यांच्याशी. आणि ते फार मोठ्याने बोलत असतील तर कान तपासून घ्या.

पण सगळं वयावर ढकलायचं नाही. घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, गिळताना त्रास होतोय, खोकल्यातून रक्त येतंय, मानेला गाठ लागतेय, तर थेट कान-नाक-घसा डॉक्टर, सिगारेट ओढणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. आवाज हळूहळू दबका आणि सपाट होत चालला असेल तर तेही सांगा, पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, असं होतं. तपासणीला घाबरू नका, १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायन शिक्षकाने आरसे वापरून स्वतःचेच स्वरतंतू पाहिले होते, आता बारीक कॅमेऱ्याने काही मिनिटांत दिसतं. जाताना मोबाईलमधलं वर्ष-दोन वर्षांपूर्वीचं बोलणं शोधून न्या, फरक नेमका कधीपासून पडला हे डॉक्टरांना त्यावरून पटकन कळतं.