पुण्यातील ब्रुअरी पाहताना: आधी टाकी, मग ग्लास

शनिवार-रविवार पुण्याला जाऊन क्राफ्ट बिअर पिण्याचा बेत आखणारे बहुतेक मुंबईकर रात्री नऊच्या सुमारास ब्रूपबमध्ये पोहोचतात, आणि तिथे खरे पाहण्यासारखे जे असते तेच त्यांच्या हातून निसटते. जिथे बिअर तयार होते तिथेच ती विकली जाते, अशा जागेला ब्रूपब म्हणतात. काचेपलीकडच्या टाकीत दोन-तीन आठवडे मुरलेली बिअर वीस पावलांवरच्या टेबलापर्यंत येते, एवढेच काय ते तिचे वैशिष्ट्य, आणि ते वैशिष्ट्य पाहायचे असेल तर जायची वेळ दुपारची. पहिल्या खेपेस मीही रात्रीच गेलो होतो. पाऊण तास रांगेत उभे राहिलो, टाक्यांवर अंधार होता, आणि गाण्यांच्या आवाजात वेटरला काही विचारायचे तर त्याच्या कानाशी ओरडावे लागत होते.

पुणे निवडण्यामागे कारण आहे. देशातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी, म्हणजे थोड्या प्रमाणात बिअर करणाऱ्या छोट्या कारखान्यांपैकी, एक असलेली डूलाली २००९ मध्ये याच शहरात सुरू झाली. (तिचे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आले आहे, मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळून भ्रमिष्ट होणाऱ्या गोऱ्या सोजिरांमुळे त्या गावाचे नाव इंग्रजीत वेडेपणाला जोडले गेले.) पुढे २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी आणि कोरेगाव पार्कात एफिंगट सुरू झाली. मात्र एकाच नावाच्या अनेक शाखा असतात आणि सर्वच शाखांत बिअर तयार होतेच असे नाही. म्हणून बुधवार-गुरुवारी फोन करून विचारून घ्यावे, की टाक्या त्याच जागेत आहेत का, शनिवारी दुपारी ब्रुअर, म्हणजे बिअर तयार करणारा, हजर असेल का, आणि त्याने पाच-दहा मिनिटे दाखवलेले चालेल का. आधी विचारणाऱ्याला सहसा नकार मिळत नाही.

जाताना गाडी नेऊ नये. मुंबईहून सकाळच्या इंद्रायणी एक्स्प्रेसने निघाल्यास दुपारच्या जेवणाआधी आरामात पोहोचता येते, आणि कोरेगाव पार्क पुणे स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. गाडी चालवणाऱ्याच्या शंभर मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवावे. कायद्याप्रमाणे मद्यसेवनाचा परवानाही लागतो. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर अशा ड्राय डेला बेत ठरवून फसलेले लोक मी पाहिले आहेत. कॅलेंडर आधी पाहावे.

टाक्यांच्या खोलीत जाताना बंद बूट घालावेत, कारण जमीन कायम ओली असते. ब्रुअरचा दिवस बिअर करण्यापेक्षा धुण्या-पुसण्यातच अधिक जातो. सुरुवात माल्टपासून करावी. बार्ली, म्हणजे आपले जव, भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट करतात. ज्या घरात नाचणीचे सत्त्व होते त्या घराला ही रीत नवी नाही. ब्रुअरकडे मूठभर माल्ट मागून चावून पाहावा. फिक्या दाण्याला बिस्किटासारखी गोडी असते, तर स्टाउट या काळ्या बिअरसाठी भाजलेला काळा दाणा कॉफीच्या बीसारखा कडू लागतो, आणि पुढे ग्लासात काय येणार याचा निम्मा अंदाज तिथेच येतो. हा माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की मोड येताना तयार झालेली एन्झाइम्स पिठूळ भागाची साखर करतात. त्या वेळी खोलीभर गव्हाच्या लापशीसारखा वास असतो. मग ते गोड पाणी गाळून साधारण तासभर उकळतात. सुरुवातीला घातलेले हॉप्स, म्हणजे एका वेलीची फुले, कडवटपणा देतात आणि अखेरीस घातलेले सुगंध. हॉप्सच्या गोळ्या जनावरांच्या पेंडीसारख्या दिसतात, पण दोन तळहातांत चोळल्यावर जो वास येतो तो दिवसभर हातावरून जात नाही.

पुढे ते पाणी थंड करून त्यात साखरेचे अल्कोहोल करणारे यीस्ट घालतात. त्या टाकीपाशी थोडे थांबावे. टाकीतून निघालेली एक नळी खाली पाण्याच्या बादलीत सोडलेली असते; ती सतत बुडबुडत असेल तर यीस्ट जोरात आहे, आणि मिनिटाला एखादाच बुडबुडा येत असेल तर साखर संपत आली आहे. बिअरचे दोन मोठे प्रकार म्हणजे एल आणि लागर. एल विसेक अंशांवर आंबते आणि लवकर तयार होते. लागर दहाएक अंशांवर सावकाश आंबून नंतर थंडीत कित्येक आठवडे पडून राहते. म्हणूनच छोट्या ब्रूपबमध्ये लागर कमी आढळते, आणि ज्यांच्याकडे ती नीट केलेली मिळते त्यांच्याविषयी माझे मत लगेच चांगले होते.

टेबलावर आल्यावर थेट मोठा ग्लास न मागता सँपलर मागवावा, आणि त्यात जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर असू द्यावी. छोट्या ग्लासांत येणाऱ्या या बिअर फिक्या आणि सौम्य चवीपासून सुरू करून गडद व कडू चवीकडे प्याव्यात, कारण आयपीए या कडू बिअरनंतर गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. बेल्जियन विट या गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते. धण्यांची चव मराठी जिभेला चटकन ओळखू येते. मधूनमधून पाणी प्यावे आणि फार तिखट खाणे नंतरसाठी ठेवावे.

रविवारी दुपारी दुसऱ्या ब्रूपबमध्ये जाऊन पुन्हा जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, म्हणजे हेफेवायझेन, मागवावी. तिच्यातील केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमधून येतो, त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. टाकी अधिक उबदार ठेवली की केळे वर येते, थंड ठेवली की लवंग. आदल्या दिवशीचा ग्लास आठवत हा दुसरा हुंगावा, आणि मग ब्रुअरला विचारावे, की तुमची टाकी किती अंशांवर होती?