डिपस्टिकच्या नळीतून जुनं ऑइल कसं काढायचं, बदलायला आणि टेस्टला

गाडीखाली न झोपता ऑइल बदलायचं तर डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून ऑइल वर ओढणारा व्हॅक्यूम पंप मस्त काम करतो, बोटीच्या इंजिनखाली तर बऱ्याचदा हात घालायलाही जागा नसते त्यामुळे तिथे हाच मार्ग. पण बदलायला ऑइल काढणं वेगळं आणि लॅबमध्ये टेस्टला सॅम्पल काढणं वेगळं, पंप तोच असला तरी.

आधी बदलायचं बघू. इंजिन ५-१० मिनिटं चालवा, बंद करा आणि तेवढाच वेळ थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल कोमट हवं, थंड असेल तर पंप मारून मारून हात दुखतील आणि फार गरम असेल तर हात भाजेल, शिवाय स्वस्तातली प्लॅस्टिकची नळी मऊ पडून चपटी होते. डिपस्टिक काढून पंपाची नळी तळाला टेकेपर्यंत घाला, जोर लावू नका, नाहीतर ती आत वळते, तोंड वर येतं आणि अर्धं ऑइल आतच राहतं. गुरगुर आवाज आला की संपलं असं लगेच धरू नका, नळी थोडी वरखाली करून परत ओढा. मग काढलेलं ऑइल मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा (फिल्टर बदलला नसेल तर थोडं कमीच निघणार), फारच कमी निघालं तर त्या इंजिनला हा प्रकार जमत नाही, सरळ खालचा ड्रेन बोल्ट खोला.

सॅम्पल मात्र बदलायच्या आधी घ्यायचं, आणि इंजिन बंद केल्यावर फार न थांबता, कारण थांबलात की कण खाली बसतात. नळी तळाला टेकवायची नाही, तिथला गाळ आला तर रिपोर्ट उगाच घाबरवतो. नळी डिपस्टिकला लावून मोजा, टोक ऑइलच्या मध्यावर राहील अशी खूण करा आणि तेवढीच आत सोडा. नळी आणि बाटली दोन्ही कोरी पाहिजेत, इथे कंजूषी नको, आधीच्या ऑइलचा ओघळ राहिला तर टेस्टला काही अर्थ नाही. साधारण १०० मिली पुरतं. बाटलीवर ऑइलचा ग्रेड, त्या ऑइलवर किती किलोमीटर किंवा तास झाले, मधे किती टॉपअप केलं हे सगळं लिहा. रिपोर्टमध्ये सिलिकॉन जास्त दिसलं तर एअर फिल्टरकडून धूळ जातेय का बघा, सोडियम-पोटॅशियम वाढलं तर कूलंट आत येत असू शकतं. एका रिपोर्टवरून इंजिन खोलायला घेऊ नका, पुढच्या वेळचा आकडा शेजारी ठेवून बघा.

हातात नायट्राइल ग्लोव्हज घाला. काढलेलं ऑइल गटारात ओतायचं नाही, झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्यांकडे द्या, आणि त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका, मिसळलेलं बरेचजण घेतच नाहीत.