ट्रॅक बाइकला बीबी घेताय? आधी क्रँक सांगा

ट्रॅक बाइकला कुठला बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलचे दांडे म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात तो एक्सल आणि त्याचे बेअरिंग) टाकू असं कोणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला, क्रँक कुठला आहे? कारण नुसता बीबी चांगला की वाईट असं काही नसतं, तो तुमच्या फ्रेमला आणि क्रँकला बसतो किंवा बसत नाही, एवढंच. मी स्वतः माती खाल्लीय यात. ऑफरमध्ये ११३ मिमी एक्सलचा सीलबंद बीबी दिसला, घेऊन टाकला, आणि क्रँक होता सुगिनो आरडी२, ज्याला लागतो १०३. बसला की छान! पण एक्सल १० मिमी लांब म्हणजे प्रत्येक बाजूला ५, त्यामुळे चेनव्हील (पुढचं दातेरी चक्र) ५ मिमी बाहेर, आणि मागचा कॉग (मागच्या चाकावरचं छोटं चक्र) आपल्या जागी. चेन तिरकी, पहिल्याच राइडला करकर सुरू. गियरवाल्या सायकलला हे चालून जातं, फिक्स्डला (ट्रॅक बाइक, जिचे पेडल चाकाबरोबर फिरतच राहतात) नाही, कारण इथे चेन उतरली तरी मागचा कॉग चाकाबरोबर फिरतच राहतो आणि चेन मधे अडकली तर मागचं चाक जागीच जाम होतं.

आता फ्रेम बघा. बीबी काढलेला असेल तर शेलची (फ्रेममधल्या ज्या नळीत बीबी बसतो तिची) रुंदी व्हर्नियरने मोजा. ६८ मिमी आली तर बहुतेक बीएसए म्हणजे इंग्लिश आटे, ७० आली तर इटालियन, जुन्या इटालियन फ्रेम घेतल्या असतील तर हे हमखास निघतं. बीएसएमध्ये चेनकडच्या बाजूचे आटे उलटे असतात, तिकडे सुलट्या दिशेने जोर लावून आटे खराब केलेले लोक मी पाहिलेत. इटालियनला दोन्ही बाजू सुलट्या, म्हणून उजवी बाजू आपोआप सैल होत जाते, ती नीट घट्ट करायची.

मग येतं टेपर, म्हणजे एक्सलच्या टोकाचा उतार, इथेच जास्त गोंधळ होतो. चौकोनी एक्सलचे दोन प्रकार, जेआयएस (जपानी मानक) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक). उतार दोन्हीचा सारखाच, पण आयएसओचं टोक बारीक. जेआयएस क्रँक आयएसओ एक्सलवर गरजेपेक्षा जास्त आत जातो, आणि आयएसओ क्रँक जेआयएसवर साधारण साडेचार मिमी बाहेरच अडतो. जपानी कंपनी म्हणजे जेआयएसच असं धरून चालू नका, सुगिनो ७५ ला आयएसओ १०९ लागतो. कॅम्पाग्नोलो रेकॉर्ड पिस्ताला आयएसओ १११. क्रँक कंपनीने जी लांबी आणि जो टेपर लिहिलाय तोच घ्या, डोकं लावू नका. श्रॅम ऑम्नियमसारख्या क्रँकला एक्सल त्याच्याच अंगाला असतो आणि बेअरिंगच्या वाट्या शेलच्या बाहेर बसतात, तिथे लांबीची कटकटच नाही.

सेकंडहँड क्रँक असेल, काहीच लिहिलेलं नसेल तर चेनलाइन मोजा. ट्रॅकचा आकडा ४२ मिमी, फ्रेमच्या मधल्या रेषेपासून चेनव्हीलच्या दातांच्या मध्यापर्यंत. सीट ट्यूबच्या बाहेरच्या कडेपासून दातापर्यंत मोजायचं आणि ट्यूबच्या जाडीचा अर्धा भाग त्यात मिळवायचा. ट्यूब २८.६ असेल तर अर्धी १४.३, म्हणजे व्हर्नियरवर २७.७ दिसायला हवं. मागचा कॉग पण एकदा मोजून घ्या, हब स्वस्तातला असेल तर तोच ४२ वर नसतो आणि आपण उगाच बीबीला शिव्या घालतो.

सुटे छर्रेवाला एनजेएस (जपानच्या केरिन ट्रॅक शर्यतींसाठी मान्यता मिळालेला) बीबी घ्यावा का? जपानमध्ये केरिन खेळत नसाल तर गरज नाही. हातात धरून एक्सल फिरवून किती गुळगुळीत फिरतो बघा म्हणून दाखवतात ना, त्याला भुलू नका, पायाचा जोर पडल्यावर तो फरक कळत पण नाही. बालेवाडीच्या ट्रॅकवर रविवारी आणि बाकी दिवस पुण्याच्या पावसात रस्त्यावर फिरणार असाल तर साधा सीलबंद कार्ट्रिजच बरा, सुटे छर्रे म्हणजे दर पावसाळ्यानंतर खोला, धुवा, ग्रीस भरा.

बसवताना आट्यांना ग्रीस, पहिले दोन-तीन फेरे हातानेच, आणि मगच पाना. शिमानोच्या कार्ट्रिजला ५० ते ७० न्यूटन मीटर सांगितलंय, क्रँक बोल्टला ३५ ते ५०. आणि पहिल्या दोन-तीन राइडनंतर क्रँक बोल्ट परत तपासा, सैल राहिला तर क्रँकचं चौकोनी भोक घासून गोल होतं, मग बीबी बदलून उपयोग नाही, नवा क्रँकच आणावा लागतो.