छोटं जहाज, मोठं बिल: लक्झरी क्रूझ निवडताना या चुका टाळा

गेल्या पाडव्याला बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जेवणं झाली. नणंदेच्या यजमानांनी टेबलावरचं पुसून घेतलं, तीन चकचकीत ब्रोशर मांडली आणि म्हणाले, "वहिनी, यातली कोणती कंपनी चांगली ते एका शब्दात सांगा."

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अशा छोट्या जहाजांवर तीनदा जाऊन आले. त्यामुळे नात्यात मला उगाचच तज्ज्ञ समजतात. खरं सांगायचं तर तीनपैकी दोन वेळा मी ठळक चुका केल्या आणि तिसऱ्या वेळी त्या टाळल्या, एवढीच माझी विद्या. "भाऊजी, प्रश्नच चुकलाय," असं मी म्हटलं आणि तिथून दोन तास वाद रंगला. त्या वादात जे निघालं ते इथे लिहिते.

कंपनी निवडली, जहाज पाहिलंच नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. आडनाव एक म्हणून सख्खे भाऊ एका स्वभावाचे निघत नाहीत. सिल्व्हरसीचं 'सिल्व्हर ओरिजिन' गॅलापागोस बेटांमध्ये फिरतं आणि त्यावर जास्तीत जास्त १०० प्रवासी असतात. त्याच कंपनीच्या 'सिल्व्हर नोव्हा'वर ७२८. सीबोर्नचं 'व्हेंचर' २६४ प्रवाशांचं, बर्फात जाण्यासाठी बांधलेलं, आणि 'एनकोर' साधारण ६०० जणांचं. विंडस्टारकडे १४८ प्रवाशांची शिडांची जहाजं आहेत, आणि बिनशिडाची ३१२ प्रवाशांचीही. मग "सिल्व्हरसी बरी की विंडस्टार?" याला उत्तर काय द्यायचं?

विंडस्टारच्या त्या ३१२ वाल्या जहाजांची गोष्ट तर मजेची आहे. आधी ती २१२ जणांची होती. मग इटलीतल्या गोदीत प्रत्येक जहाज मधोमध कापून त्यात साडेपंचवीस मीटरचा नवा तुकडा जोडला. २०२० आणि २०२१ मध्ये ती लांब होऊन परत आली. आता कोणी २०१७ सालचा अनुभव वाचून "तिथे जेवायला कधी रांग लागत नाही" म्हणत असेल, तर तो वेगळ्याच जहाजाबद्दल बोलतोय. सीबोर्नचं 'ओडिसी' २०२४ मध्ये कंपनीतून गेलं आणि जपानी कंपनीच्या नावाने फिरू लागलं, तरी त्याची जुनी कौतुकं वाचून लोक सीबोर्नबद्दल मत बनवतात. म्हणून अनुभव वाचताना आधी जहाजाचं नाव, मग साल आणि शेवटी कंपनी, असा क्रम ठेवा.

'छोटं' या शब्दावर विश्वास

जहाजाचं ग्रॉस टनेज म्हणजे त्याचं वजन, असं मीही समजत होते. ते आतल्या जागेचं माप असतं. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी किती जागा वाट्याला येते याचा अंदाज येतो. भाऊजी इंजिनीयर, त्यांनी लगेच मोबाईल काढला. रिट्झ-कार्लटनचं 'एव्हरिमा' २६,५०० टन आणि २९८ प्रवासी, म्हणजे ८९ च्या आसपास. सिल्व्हर नोव्हा ५४,७०० टन, म्हणजे ७५. विंडस्टारचं 'स्टार प्राइड' सुमारे १३,००० टन, म्हणजे ४२. सीड्रीमच्या जहाजावर ४,३०० टनांत ११२ प्रवासी, म्हणजे ३८.

"म्हणजे सीड्रीम बाद," भाऊजींनी निकाल दिला.

इथेच माणूस फसतो. सीड्रीमवर ११२ प्रवाशांमागे सुमारे ९५ कर्मचारी असतात. दुसऱ्या दिवशी त्यांना तुमचं नाव पाठ झालेलं असतं आणि चहा कसा लागतो तेही. पण त्या जहाजांवर एकाही खोलीला बाल्कनी नाही. १९८४-८५ साली बांधलेली जहाजं ती, तेव्हा बाल्कनीची पद्धतच फारशी नव्हती. ज्याला सकाळी आपल्या बाल्कनीत बसून चहा प्यायचा आहे त्याने तिकडे जाऊच नये. ज्याचा दिवस डेकवरच जातो त्याला त्याची खंत वाटणार नाही. जागेचा आकडा उपयोगी खरा, पण त्याच्याबरोबर दोन गोष्टी विचारल्याशिवाय तो अर्धाच राहतो: कर्मचारी किती, आणि मला मिळणाऱ्या खोलीत नक्की काय आहे.

छोटेपणाची दुसरी परीक्षा बंदरात होते. १ ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसमध्ये २५,००० टनांवरच्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून आणि ज्युदेका कालव्यातून जायला बंदी आहे. लांबी आणि उंचीच्याही मर्यादा आहेत. आता वरचे आकडे पुन्हा पाहा. ज्या जहाजांना आपण 'छोटी लक्झरी' म्हणतो त्यातलीही बरीच या नियमात अडकतात. ब्रोशरवर मात्र सेंट मार्कचा मनोरा असतोच.

बंदराचं नाव आणि गावाचं नाव एकच समजणं

'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्यात, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. भरूचला उतरवून "हे घ्या बडोदं" म्हणण्यासारखं. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, आणि तिथून पॅरिस सुमारे दोनशे किलोमीटर! उलट सेव्हिलला छोटं जहाज ग्वादालकिव्हिर नदीतून थेट शहरात जातं, मोठ्यांना कादिझला थांबावं लागतं. छोट्या जहाजाला जास्तीचे पैसे मोजतो ते यासाठी. ग्रीसमधला कॉरिंथचा कालवा तळाशी जेमतेम २१ मीटर रुंद आहे. तिथून जाणारं जहाज निवडलंत तर दोन्ही बाजूंच्या दगडी भिंती हाताला लागतील की काय असं वाटतं.

तेव्हा कार्यक्रमात प्रत्येक बंदरापुढे तीन गोष्टी पेन्सिलीने लिहा: धक्क्याला लागणार की होडीने उतरवणार, किती वाजता पोचणार, किती वाजता निघणार. दुपारी दोनला पोचून सातला निघणारं जहाज आणि सकाळी आठला पोचून रात्री अकराला निघणारं जहाज ब्रोशरमध्ये एकसारखंच दिसतं.

रोजचा दर रोजच्या दराशी जुळवणं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण पैसे इथेच जातात.

प्रत्येक कंपनी 'सगळं धरून' म्हणते आणि प्रत्येकीचं 'सगळं' वेगळं. रीजेंटच्या भाड्यात बंदरावरच्या बऱ्याच सहली येतात. सीबोर्न आणि सिल्व्हरसीत पेयं आणि बक्षिसी धरलेली असते. व्हायकिंग प्रत्येक बंदरावर एक सहल देतं, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन-बिअर देतं, पण बक्षिसी वेगळी. विंडस्टारचं मूळ भाडं कमी दिसतं, कारण दारू, वायफाय, बक्षिसी त्यात नसते. ते सगळं धरलेलं भाडं वेगळं मागावं लागतं.

भाऊजींसाठी मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. आकडे समजुतीपुरते. 'अ' जहाज माणशी रोज ८०० डॉलर, सगळं धरून. 'ब' जहाज ५५०. दहा रात्री. 'अ'चे झाले ८,०००. 'ब'चे ५,५००, त्यात सात सहली प्रत्येकी १५० ने १,०५०, बक्षिसी १६०, वायफाय २००, दारूचं पॅकेज ९००. बेरीज ७,८१०. फरक उरला १९० डॉलर. भाऊजी खूश झाले: "मग 'अ'च घेऊ, डोक्याला ताप नाही."

"भाऊजी, तुम्ही दारू पिता?"

गुजरातेत दारूबंदी, त्यात आमच्या या घरात कोणी चहापलीकडे गेलेलं नाही. 'ब'मधून ९०० वजा केले की राहिले ६,९१०. फरक १,०९० डॉलर माणशी, दोघांचे २,१८०. न पिणाऱ्या माणसाने 'अ' निवडलं, तर शेजारच्या टेबलावरची शँपेन आपण भरतोय एवढं लक्षात ठेवून निवडावं. आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांना दारू धरलेल्या भाड्यापेक्षा सहली धरलेलं भाडं जास्त परवडतं. परदेशातले सल्ले वाचताना ही गोष्ट सुटते, कारण तिथे लिहिणाऱ्याच्या हातात पेला असतो.

एकटं जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. दर जवळजवळ नेहमी 'दोघांत एक खोली' धरून असतो. एकट्या माणसाला किती टक्के जास्त, हे कंपनीप्रमाणेच नाही, फेरीप्रमाणेही बदलतं.

व्हिसा: एकदाच आत

ही माझी स्वतःची चूक. पहिल्या क्रूझला ग्रीसची बेटं, मध्ये तुर्कस्तानातलं एक बंदर, परत ग्रीस. मी शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो, एका प्रवेशाचा व्हिसा काढला. तुर्कस्तानात उतरलं की शेंगेनमधून बाहेर पडलो, आणि परत ग्रीसमध्ये शिरायला दुसरा प्रवेश लागतो. निघायच्या तीन आठवडे आधी कागद तपासताना हे कोणाच्या तरी लक्षात आलं. मग अहमदाबादच्या व्हिसा केंद्रात दोन फेऱ्या, नवा अर्ज आणि रोज रात्री झोपेचं खोबरं.

नकाशावर बोट ठेवून प्रत्येक बंदर शेंगेनच्या आत की बाहेर ते पाहा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आत आहे, माँटेनेग्रो आणि अल्बेनिया बाहेर. एकही बंदर बाहेर असेल तर अनेक प्रवेशांचाच व्हिसा मागा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण ध्रुवाकडच्या सफरीला तेवढ्यावर भागत नाही. तिथे आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला विमा बहुतेक कंपन्या सक्तीचा करतात.

आणि बडोद्याहून थेट परदेशी विमान मिळेल असं गृहीत धरू नका. जहाज निघायच्या आदल्या दिवशी तिथे पोचा. अहमदाबादचं किंवा मुंबईचं विमान उशिरा सुटलं, तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही.

पुढच्या टोकाची स्वस्त खोली

दुसऱ्या क्रूझला मी 'समुद्र दिसणारी, सवलतीत' अशी खोली घेतली. अगदी पुढे, खालच्या मजल्यावर. पहाटे पाचला नांगराची साखळी सुटते तेव्हा कोणी आपल्या उशीखालून ट्रॅक्टर नेतंय असं वाटतं. धक्क्याला लागताना पुढचा थ्रस्टर, म्हणजे जहाज बाजूला सरकवणारा पंखा, घरघरतो तो वेगळाच. खोली निवडताना मजल्याचा नकाशा मागा. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या बाजूला हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात, आणि छोटं जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलतं हे पैशाने बदलत नाही. ज्याला पोटात ढवळतं त्याने आधीच डॉक्टरांना विचारून गोळ्या न्याव्यात. आमच्याकडे सगळ्यांच्या पर्समध्ये ॲव्होमिन असते, ती घाटासाठी. समुद्रात ती लाट यायच्या आधी घ्यावी लागते, ढवळू लागल्यावर नाही.

अंटार्क्टिकाला 'थोडं मोठं चालेल' म्हणणं

नाही चालणार. तिथल्या पर्यटन कंपन्यांच्या संघटनेचा नियम असा की ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज कोणाला किनाऱ्यावर उतरवतच नाही, आणि एका ठिकाणी एका वेळी १०० पेक्षा जास्त माणसं उतरत नाहीत. २०० प्रवाशांच्या जहाजावर दोन पाळ्या होतात, ४०० च्या जहाजावर चार. बाकीचा वेळ खिडकीतून पेंग्विन पाहायचे. म्हणूनच 'सीनिक एक्लिप्स'वर एरवी २२८ प्रवासी असतात, पण ध्रुवाकडे जाताना २०० च घेतात. बर्फात चालण्याचा जहाजाचा दर्जाही विचारा. पीसी (पोलर क्लास) हा आकडा जितका लहान तितकं जहाज भक्कम: सीबोर्न व्हेंचर पीसी ६, पोनाँचं 'ल कमांडाँ शार्को' पीसी २, आणि ते उत्तर ध्रुवापर्यंत जातं.

पैसे लवकर भरण्याची घाई

'आत्ता पूर्ण भरा, दहा टक्के सूट' हे ऐकायला गोड लागतं. जानेवारी २०२२ मध्ये क्रिस्टल ही अत्यंत नावाजलेली कंपनी मालक कंपनीबरोबर बुडाली आणि फेब्रुवारीत तिची दोन जहाजं बहामामध्ये जप्त झाली. २०२३ मध्ये ती नव्या मालकाकडून पुन्हा सुरू झाली खरी, पण आधी भरलेल्यांना मधल्या काळात जो मनस्ताप झाला तो झालाच. नव्या जहाजाच्या पहिल्या फेरीचंही तसंच. एव्हरिमा २०२० मध्ये निघणार होतं, निघालं ऑक्टोबर २०२२ मध्ये.

भारतातून परदेशी सहलीचं पॅकेज घेताना टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने सरकारसाठी आधीच गोळा करायचा कर, घेतात. २०२५-२६ साठी दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के असा दर होता. तो बजेटमध्ये बदलतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. ही रक्कम बुडत नाही, आयकराच्या विवरणात वळती करता येते, पण तोवर हातातून गेलेली असते. दोघांचं पंधरा लाखांचं बुकिंग करताना हा आकडा आधी धरला नाही तर घरात भांडण ठरलेलं.

शाकाहार तोंडी सांगणं

थोडक्यात: बुकिंग करतानाच लेखी कळवा. कांदा-लसूण नको असेल तर 'व्हेजिटेरियन' एवढं पुरत नाही. छोट्या जहाजांवर आचाऱ्याशी थेट बोलता येतं, आणि भारतीय कर्मचारी बरेच असतात. माझ्या तिसऱ्या फेरीत एका गोव्याच्या पोराने मला वरण-भात करून आणला तेव्हा समोरच्या खेकड्याकडे मी ढुंकून पाहिलं नाही.

नणंदबाई हे सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले ते बोटीनेच ना? त्यांनी एवढं विचारलं असेल का?" मी म्हटलं, त्यांच्याकडे विचारायला माणसं होती, आपल्याकडे ई-मेल आहे. त्याच रात्री भाऊजींनी तिन्ही कंपन्यांना तेच सहा प्रश्न पाठवले: जहाजाचं नाव, खोलीचा नकाशा, प्रत्येक बंदराची वेळ आणि धक्का, भाड्यात काय नाही, रद्द केल्यावर कधी किती कापणार, आणि शाकाहारी जेवण. दोघींची उत्तरं चार दिवसांत आली. तिसरीने अजून नवं ब्रोशर तेवढं पाठवलंय.